किनाऱ्यावरचे पाहुणे पाद्री
स्पेनच्या कोस्ता देल सोल किनाऱ्यावर निवृत्तीनंतर येऊन राहिलेले इंग्रज पुष्कळ. त्यांच्या अँग्लिकन मंडळीला कायमचा पाद्री नसला, की इंग्लंडहून बहुधा कुणी निवृत्त पाद्रीच काही महिन्यांसाठी येतात. राहायला घर मिळतं, पगार सहसा नसतो. कित्येक गावांत रविवारची उपासना कॅथलिक चर्चमध्येच होते, तिथली मिस्सा आटोपल्यावर. हा शेजारधर्म मला फार मोलाचा वाटतो, कारण याच किनाऱ्यावर एके काळी प्रोटेस्टंट माणसाला पुरायलाही जागा नव्हती. मालागात असे मृतदेह रात्री मशालींच्या उजेडात समुद्राकाठच्या वाळूत पुरत, असं सांगतात. ब्रिटिश वाणिज्यदूत विल्यम मार्क यांच्या खटपटीने १८३१ मध्ये तिथे इंग्रजी दफनभूमी झाली. तिथल्या जुन्या थडग्यांवर शिंपले जडवलेले आहेत. पाहुण्या पाद्र्याची खरी कसोटी आजही अंत्यविधीलाच लागते. स्पेनमध्ये माणूस गेला की दोनेक दिवसांत सगळं उरकतात. मुलं इंग्लंडहून पोहोचतीलच असं नाही. मग जेमतेम ओळख झालेल्या पाद्र्याने म्हातारीजवळ बसायचं, नवऱ्याला चहा कसा लागायचा, बाल्कनीतल्या कुंड्या कोण बघायचं, हे सगळं ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्याच दिवशी शवपेटीपाशी उभं राहून त्याच्याविषयी बोलायचं. मंडळीने अशा माणसाला नुसतं घर देऊन भागवू नये, दवाखान्यात आणि कचेरीत सोबत यायला स्पॅनिश येणारं कुणीतरी द्यावं. उशिरा पोहोचलेल्या मुलांना सारं पहिल्यापासून सांगायचं कामही या पाद्र्याच्याच वाट्याला येतं.