शुगर नॉर्मल आली. मग?

गेल्या आठवड्यात ऑफिसचा एक जुना बग पुन्हा उघडला. आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरने तो तीन महिन्यांपूर्वी "डेटाबेसमध्ये काही प्रॉब्लेम नाही" असं लिहून बंद केला होता. डेटाबेस ठीकच होता, त्यामुळे तो खोटं बोलला नव्हता. पण कस्टमरचा प्रॉब्लेम तसाच राहिला होता ना! त्याला फोनवर चार शब्द सुनावणार होतो, तेवढ्यात मावसभावाची आठवण झाली आणि गप्प बसलो. कारण हीच चूक मी एका बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत केली होती.

तर मंडळी, या शनिवारी कोडबिड काही नाही. थोडं जड आहे, पण वाचा.

2017 चा उन्हाळा. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि परीक्षेच्या अभ्यासासाठी सिडकोत मावशीकडे राहायला गेलो होतो. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने यायचं, त्यामुळे घरात पिंप, माठ, हंडे सगळं भरून ठेवलेलं. आणि माझा मावसभाऊ ते पीत सुटलेला. खरंच पीत सुटलेला. रात्री चार-पाच वेळा उठायचा, बाथरूमला जायचा, आणि येताना माठाशी थांबून दोन तांबे रिकामे करायचा. काका म्हणायचे, "याच्यासाठी नाथसागरच आणून ठेवा घरात." आम्ही सगळे हसायचो. मावशी म्हणायची, "अरे ऊन किती आहे बघ की. लेकरू पाणी पिणारच."

तरी तिने शुगर तपासून घेतली, कारण "खूप तहान, खूप लघवी म्हणजे शुगर" एवढं आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. रिपोर्ट नॉर्मल आला. मावशीने देवापुढे साखर ठेवली. विषय संपला.

इथे माझा प्रवेश. मी मोठा शहाणा. म्हटलं, "मावशी, सवय लागलीये त्याला. रात्री आठनंतर पाणी देऊच नकोस." तिने माठ आत नेऊन ठेवला. दोन दिवसांनी रात्री मला जाग आली, तर हा बाथरूममध्ये अंधारात बसून आंघोळीच्या बादलीतलं पाणी मगाने पीत होता. मी ओरडलो त्याच्यावर. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. ती नजर अजून जात नाही डोळ्यांसमोरून.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष गेलं. मुलगा सुकला, थकायला लागला, मार्क घसरले ("मोबाईल!"), शाळेची पँट दोन वर्षं तीच पुरली ("बरंय, खर्च वाचला"), चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर बाजूला ठेवला आणि त्याला कडेचं किती दिसतं ते तपासलं. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसतच नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी एमआरआयला पाठवलं. मेंदूच्या तळाशी, पिट्यूटरी ग्रंथीच्या जरा वर, गाठ निघाली.

गाठीचा प्रकार कळला तो मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात. जर्म सेल ट्यूमर, त्यातला जर्मिनोमा. मावशीने 'जर्म' ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे जंतू ना? मग अँटिबायोटिकने नाही का जाणार?" हसू नका, मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण जंतूंचा इथे काही संबंध नाही. जर्म सेल म्हणजे जननपेशी, ज्यांच्यापासून पुढे शुक्राणू किंवा स्त्रीबीज तयार होतं.

मग त्या डोक्यात काय करतात? डॉक्टरांमध्ये सर्वात जास्त मानली जाणारी थिअरी अशी आहे: गर्भ काही आठवड्यांचा असतो तेव्हा या पेशी एका जागी तयार होतात आणि चालत चालत आपल्या नेमलेल्या जागी जातात. काही वाट चुकतात. चुकलेल्या बहुतेक मरून जातात, पण एखादी शरीराच्या मधल्या रेषेवर कुठेतरी टिकून राहते आणि वयात येण्याच्या सुमारास वाढायला लागते. म्हणून या गाठी बहुतेक मधल्या रेषेवरच सापडतात. युवराजसिंग आठवतोय? 2011 च्या वर्ल्डकपचा मॅन ऑफ द टूर्नामेंट. त्याच्या दोन फुप्फुसांच्या मधली गाठ याच कुटुंबातली, सेमिनोमा. मायक्रोस्कोपखाली सेमिनोमा आणि मेंदूतला जर्मिनोमा अगदी सख्ख्या भावांसारखे दिसतात. 2012 मध्ये अमेरिकेत केमोथेरपी घेऊन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला.

मेंदूत या गाठी मुख्यतः दोन जागी होतात. एक पिट्यूटरीच्या वर, जशी याची होती. तिथे गाठ झाली की व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन कमी पडतं. "पाणी धरून ठेवा" हा मूत्रपिंडांना जाणारा निरोप हेच हार्मोन पोचवतं. निरोप थांबला की मूत्रपिंड पाणी सोडत राहतात. म्हणजे आधी पाणी जातं आणि म्हणून तहान लागते. साखरेशी याचा काडीचा संबंध नाही, नावात 'डायबेटिस' असलं तरी (डायबेटिस इन्सिपिडस). अशा मुलाचं पाणी तोडणं म्हणजे भोक पडलेल्या टाकीचा नळ बंद करणं! त्याच्या जिवावर बेतू शकलं असतं. मी हे लिहितोय कारण तुमच्यापैकी कोणीतरी हाच सल्ला कोणाला तरी देणार असेल.

दुसरी जागा पिनिअल ग्रंथीची, मेंदूच्या मध्यभागी, थोडी मागे. तिथली गाठ मुलांमध्ये मुलींपेक्षा बरीच जास्त दिसते. ती मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. मग सकाळची डोकेदुखी, उलट्या, आणि डोळे वर करून बघता न येणं.

आजार दुर्मिळ आहे. युरोप-अमेरिकेत मुलांच्या मेंदूतल्या शंभर गाठींत अशा तीन-चार असतात. जपान-कोरियात प्रमाण कितीतरी जास्त, का ते अजून नीट उलगडलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. 'ब्रेन ट्यूमर' म्हटलं की आपल्याकडे अर्धं गाव भेटायला येतं आणि निरोप घेतल्यासारखं बोलून जातं. आमच्याकडेही आलं. पण जर्मिनोमा हा मेंदूच्या कॅन्सरमधला सर्वात चांगला बरा होणाऱ्यांपैकी एक आहे. नीट उपचार मिळाले तर शंभरातले नव्वदहून जास्त रुग्ण बरे होतात. रेडिएशनपुढे ही गाठ विरघळते म्हटलं तरी चालेल, म्हणून डोकं उघडून ती सगळी काढायची गरजही सहसा पडत नाही. रक्तात आणि पाठीच्या पाण्यात एएफपी आणि बीटा-एचसीजी हे दोन मार्कर बघतात. ते खूप वाढलेले असतील तर गाठ भावकीतल्या दुसऱ्या, जास्त चिवट प्रकारची समजतात आणि उपचार बदलतात. नसतील तर छोटा तुकडा काढून खात्री करतात. याला आधी केमो दिली, मग मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांपुरतं रेडिएशन. म्हणून माझं म्हणणं, "गाठ आहे का?" यापेक्षा "कुठली गाठ आहे?" हा प्रश्न मोठा. ऑपरेशनला हो म्हणण्याआधी तो विचारा.

आणि सोयी अगदीच नाहीत असंही नाही. आपल्याच शहरात आमखास मैदानाजवळ 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. परळला जावं लागलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड चाइल्डकेअरची केंद्रं आहेत. खारघरला टाटाचंच प्रोटॉन थेरपी केंद्र 2023 पासून चालू झालंय. मग आमचं काय चुकलं? दीड वर्ष. ते कोणत्याही हॉस्पिटलने नाही घालवलं, आम्ही घरात बसून घालवलं.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट सांगतो. उपचार चालू असताना मावशीने फाईलमध्ये ठेवायला त्याची प्रगतिपुस्तकं काढली. आतल्या पानावर उंची-वजनाचा रकाना असतो ना? पाचवीत 138 सेंटिमीटर. सहावीत 139. सातवीत पुन्हा 139. या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. म्हणजे लॉग घरातच, कपाटात पडलेला होता. शाळेने इमानाने लिहिला, आई-वडिलांनी इमानाने सही केली, आणि कोणीही मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवून बघितला नाही. आपण आकडा बघतो, फरक बघत नाही.

आज तो विशीत आहे, डिप्लोमा झाला, नोकरी शोधतोय. गाठ गेली, पण 'बरा झाला' म्हणून तेही तिकीट बंद होत नाही. गाठीने मोडलेलं हार्मोनचं काम बहुतेक वेळा परत सुरू होत नाही. डेस्मोप्रेसिन, थायरॉइड, स्टेरॉइडच्या गोळ्या जन्मभर. ताप आला तर स्टेरॉइडचा डोस वाढवायचा, विसरला तर थेट इमर्जन्सी. कडेचं थोडं कमीच दिसतं, त्यामुळे जालना रोडवर त्याला गाडी चालवू देत नाही. लवकर कळलं असतं तर डोळे वाचले असते का? बहुधा. त्याने मला कधी ऐकवलं नाही. मीच एकदा बादलीचा विषय काढला, तर म्हणाला, "दादा, जाऊ दे ना. तुला तरी कुठं माहीत होतं."

नव्हतं माहीत, खरंय. पण माहीत नसताना सल्ला मात्र दिला होता.

असो. तुमच्या घरात पाचवी ते बारावीतलं कोणी असेल, तर या रविवारी एवढंच करा. त्याची मागची तीन प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवा आणि उंचीचा रकाना वाचा. रात्री उठून पाणी पितो का, विचारा. पीत असेल आणि शुगर नॉर्मल आली, तर तिथे थांबू नका. "शुगर नाही, मग काय आहे?" असं डॉक्टरांना विचारा, सकाळची पहिली लघवी आणि रक्तातलं सोडियम तपासायला सांगा, एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जा. पहिला एमआरआय स्वच्छ आला तरी पुन्हा कधी करायचा ते विचारून या, कारण सुरुवातीला ही गाठ दिसण्याएवढी मोठी नसतेही. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काहीच निघणार नाही. मग साखर ठेवा देवापुढे.

आणि तोपर्यंत माठ बाहेरच असू द्या.