नवऱ्याचा खून म्हणजे राजद्रोह!

मैत्रिणींनो, 'खून' हा शब्द मूळचा फारसी. अर्थ रक्त. मराठीत येता येता तो थेट जीव घेण्यावर गेला. इंग्रजांच्या 'मर्डर'चंही काहीसं असंच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मॉर्थ' म्हणजे चोरून, लपवून केलेली हत्या. उघड मारलं तर पैसे भरून प्रकरण मिटवता यायचं. त्या भरपाईला 'वेरगिल्ड', म्हणजे माणसाची किंमत, म्हणत. वेसेक्सच्या राज्यात साध्या शेतकऱ्याची किंमत २०० शिलिंग, सरदाराची १२००! मेल्यावरसुद्धा पायरी सुटत नव्हती.

पण आपण थांबायला हवं ते 'पेटी ट्रीझन' या शब्दापाशी. मराठीत 'छोटा राजद्रोह' म्हणूया. १३५१ साली इंग्लंडात कायदा झाला. त्यात नोकराने मालकाला, पाद्र्याने आपल्या वरिष्ठ धर्मगुरूला किंवा बायकोने नवऱ्याला मारलं, तर तो साधा खून नाही, छोटा राजद्रोह ठरला. का? तर नवरा घरचा राजा! कायद्याच्या भाषेत नवरा-बायकोला म्हणायचेच मुळी 'बॅरन' आणि 'फेम', म्हणजे धनी आणि बाई. आता उलट बघा. नवऱ्याने बायकोला मारलं तर तो खूनच. फाशी त्यालाही होती, पण द्रोहाचा डाग नव्हता. राजा प्रजेचा द्रोह कसा करणार?

हा फरक नुसता कागदावर नव्हता. या गुन्ह्यासाठी पुरुषाला फरफटत नेऊन फाशी देत, बाईला खांबाला बांधून जाळत. आधी गळा आवळायचा आणि मग आग लावायची, एवढीच काय ती दया. १७२६ मध्ये लंडनमध्ये कॅथरिन हेज या बाईच्या वाट्याला तीही आली नाही. नवऱ्याच्या खुनाच्या कटात ती होती, हे खरं. पण ज्वाळांनी हात भाजले म्हणून जल्लादाने दोरी सोडली आणि ती जिवंत जळाली. बायकांना जाळण्याची शिक्षा १७९० मध्ये रद्द झाली. 'छोटा राजद्रोह' हा शब्द मात्र १८२८ पर्यंत कायद्यात टिकून होता.

तो गेला, पण त्याचा एक भाऊबंद राहिला. 'प्रोव्होकेशन', आपल्या कायद्यातला प्रक्षोभ. बायकोला परपुरुषाबरोबर बघून नवऱ्याचं डोकं फिरलं आणि त्याने त्या पुरुषाला मारलं, तर तो खून धरायचा नाही, असं तिथली न्यायालयं मानू लागली. १७०७ मध्ये सरन्यायाधीश होल्ट यांनी तर व्यभिचाराला मालमत्तेवरचं सर्वांत मोठं अतिक्रमण म्हटलं. मालमत्ता कोण, हे सांगायला नकोच. रागाचं हे माप पुरुषाच्या अंगाला बेतून शिवलेलं. राग यायला हवा तो क्षणात, हात उचलायचा तोही क्षणात. दहा वर्षं मार खाणारी बाई त्या क्षणी हात उचलत नाही, कारण समोरचा तिच्यापेक्षा ताकदवान असतो. इंग्लंडमधल्या क्रॉलीच्या किरणजित अहलुवालिया यांना याचमुळे १९८९ मध्ये जन्मठेप झाली. छळणाऱ्या नवऱ्याला त्यांनी तो झोपल्यावर पेटवलं होतं. १९९२ मध्ये त्या सुटल्या, त्याही मानसिक स्थितीच्या मुद्द्यावर. इंग्लंडने प्रक्षोभाची ती जुनी सवलत २०१० मध्ये काढून टाकली आणि नवी तरतूद करताना जोडीदाराचा व्यभिचार हे कारण चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलं.

आपल्याकडे हा शब्द १८६० च्या दंडसंहितेतून आला. १९५९ च्या मुंबईतल्या नानावटी खटल्यात त्यावरच मोठा खल झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही गंभीर आणि अचानक प्रक्षोभाची तरतूद आहेच.

कायदा राहू द्या बाजूला, आपल्या हातातल्या पेपराचं काय? 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.' हा मथळा आपण चहाचा घोट घेता घेता वाचतो. मेलेल्या बाईचं चारित्र्य पहिल्याच शब्दात, आणि मारणारा? तो वाक्यात कुठेच नाही! 'पतीने पत्नीचा खून केला' एवढं छापायला जागा कमी लागते. पुढचे पंधरा दिवस आपल्या गावच्या पेपरातले असे मथळे कापून ठेवा आणि त्यात मारणाऱ्याचा उल्लेख किती ठिकाणी आहे, ते आम्हाला कळवा.