जागा एकाच्या नावे नको, सोसायटीच्या नावे घ्या

आम्ही कापडाचे व्यापारी. थानात एक मीटर कमी निघाला तरी पार्टीला लगेच कळवतो. पण घराच्या जागेचा मामला आला की आमची मंडळी सगळे तोंडी ठरवतात. याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौदा जणांनी मिळून घरांसाठी शेतजमीन घेतली. त्यात व्यापारी होते, यंत्रमागवाले होते, दोन रंगारी होते. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून ज्याच्याकडे सात-बारा होता त्याच्या नावे खरेदीखत झाले. माणूस इमानदार होता. पण तो वारला आणि सात-बाऱ्यावर वारसांची नावे चढली. काहींनी बापाची जबान मानली, काहींनी नाही. कोर्टात गेलो, तर १९८८ चा बेनामी कायदा आडवा आला. दुसऱ्याच्या नावे घेतलेली जागा आपली म्हणून दावा चालत नाही. रंगाऱ्यांची उभ्या आयुष्याची कमाई अडकली.

मग मार्ग कोणता? भागीदारी पेढी धंद्यासाठी ठीक, पण पेढीचे कर्ज प्रत्येकाच्या अंगावर येते. वक्फ केलेली जागा विकता येत नाही. ती मशीद-मदरशासाठी योग्य, राहत्या घरांसाठी नाही. १९७० च्या कायद्याने अपार्टमेंट करता येते. त्यात फ्लॅट ज्याच्या त्याच्या नावे राहतो, पण मत हिश्श्याप्रमाणे. मोठ्या फ्लॅटवाल्याचे जड.

आमच्या मते १९६० च्या कायद्याखालची सहकारी गृहनिर्माण संस्था बरी. जमीन संस्थेच्या नावे असल्याने कोणी वारला तरी तिला धक्का लागत नाही. एका सभासदाला एकच मत, मग तो होलसेलवाला असो की रंगारी. हिसाबाचे दरवर्षी ऑडिट होते. काही बंधू म्हणतात, निबंधकाच्या ऑफिसात हेलपाटे कोण घालणार? आम्ही कोर्टाचे घातले आहेत. त्यापुढे हे काहीच नाहीत.

दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. मुख्य प्रवर्तक निवडून, निबंधकाच्या परवानगीने प्रस्तावित संस्थेच्या नावे बँकेत खाते उघडावे आणि प्रत्येक पैसा त्यातूनच जावा. दुसरे, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बायको-मुलींचा वारसाहक्क त्याने जात नाही, हे घरात आधीच सांगून ठेवावे.

माणसावर भरवसा ठेवावाच. पण माणूस आज आहे, उद्या नाही; म्हणून कागद पक्का करूनच पैसा द्यावा.