महाविद्यालयांत जातांना सिमकार्ड कोणतें घ्यावें ?

दर वर्षीं शाळान्त व बारावीचे निकाल लागले म्हणजे आमचे जुने विद्यार्थी आम्हांस भेटावयास येतात. चुडाव्याच्या स्टेशनावरून कोणी नांदेडास, कोणी परभणीस, तर कोणी पुण्यास पुढील शिक्षणासाठीं निघालेला असतो. पूर्वीं हे विद्यार्थी वसतिगृह, खानावळ व पुस्तकें यांविषयीं विचारीत. अलीकडे पहिला प्रश्न निराळाच असतो : “सर, सिम कोणतें घेऊं ?” प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु ज्या वस्तूवर घरची खुशाली, शिष्यवृत्ति, परीक्षेची सूचना व बँकेचा व्यवहार हीं सर्व अवलंबून आहेत, तिची निवड क्षुल्लक कशी म्हणावी? म्हणून या प्रश्नाचें उत्तर येथें सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या देशांत मोबाइल दूरध्वनीवरील पहिलें संभाषण ता. ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू हे त्या दिवशीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. त्या काळीं आलेल्या फोनाचेही पैसे पडत; ती पद्धति २००३ सालीं बंद झाली. पुढें ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओ बाजारांत आली व इंटरनेट स्वस्त झालें. २०१८ सालीं व्होडाफोन व आयडिया या कंपन्या एक झाल्या. आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें चारच नांवें असतात : जिओ, एअरटेल, व्ही आणि सरकारी बीएसएनएल. चारांतून एक निवडणें सोपें वाटतें, पण ती निवड बहुधा भलत्याच कसोटीवर होते.

बहुतेक मुलें मित्र काय वापरतो तें पाहतात, किंवा जाहिरातींत ‘फाइव्ह-जी’ हीं अक्षरें किती मोठीं छापिलीं आहेत तें पाहतात. कित्येक केवळ रिचार्जची किंमत पाहतात. किंमत पाहणें गैर नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांचे वडील बहुतेक कापूस व सोयाबीन पिकविणारे. त्यांच्या पैशाची उधळपट्टी होतां कामा नये. परंतु किंमत पाहावयाची तर नीट पाहावी. अठ्ठावीस दिवसांची योजना महिन्याची वाटते, पण वर्षांत ती बारा वेळां नव्हे, तेरा वेळां भरावी लागते. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, जानेवारी २०२२ मध्यें प्रत्येक कंपनीस निदान एक योजना ३० दिवसांची ठेवण्याचा आदेश दिला. ती विचारून घ्यावी. जुलै २०२४ मध्यें तिन्ही खाजगी कंपन्यांनीं दर वाढविले, बीएसएनएलनें वाढविले नाहींत. तेव्हां पुष्कळ लोक तिच्याकडे वळले. परंतु तिच्या स्वदेशी फोर-जी सेवेचें उद्‌घाटन होण्यास २७ सप्टेंबर २०२५ उजाडला. स्वस्त कार्ड तेंच उपयोगी कार्ड असेल असें नाहीं, हें यावरून दिसेल.

मग खरी कसोटी कोणती ? आमच्या मतें ती जागेची. कंपनी देशांत कितीही मोठी असो, तुमच्या खोलींत तिची सेवा पोहोंचते कीं नाहीं हाच प्रश्न आहे. कमी वारंवारतेच्या रेडिओ-लहरी दूरवर जातात व भिंतींतून बऱ्याच आंत शिरतात. अधिक वारंवारतेच्या लहरी माहिती पुष्कळ वाहतात, पण भिंतीपाशीं अडतात. त्यामुळें रस्त्यावर वेगानें चालणारा फोन वसतिगृहाच्या तळमजल्यावर मुका होतो. म्हणून कार्ड घेण्यापूर्वीं त्या वसतिगृहांत जाऊन, तेथल्याच मुलाच्या फोनावरून, खिडकी लावून, रात्रीं नऊच्या सुमारास बोलून पाहावें. त्या वेळीं सर्वच मुलें इंटरनेट वापरीत असतात व सेवेचें खरें बळ कळून येतें. रोज ये-जा करणारांनीं हीच परीक्षा पूर्णा-नांदेड गाडींतही घ्यावी. कंपन्यांनीं आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे असा ट्रायचा नियम आहे. ते अवश्य पाहावे, पण नकाशांत खोलीच्या भिंती दिसत नाहींत. शेवटीं गांवची परीक्षा. दिवाळीच्या सुटींत घरीं आलेल्या मुलास अर्ज भरण्यासाठीं शेताच्या बांधावर जावें लागत असेल, तर तें कार्ड अर्धेंच उपयोगी.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. आमचा एक हुशार विद्यार्थी शहरांत गेला व नव्या कार्डाच्या सवलतीस भुलून त्यानें जुना क्रमांक टाकून दिला. त्याचें बँकेचें खातें, आधार व महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज हीं सर्व त्याच क्रमांकाशीं जोडलेलीं होतीं. ओटीपी जुन्या क्रमांकावर जाई, आणि तो क्रमांक तर बंद ! दुरुस्तीसाठीं त्यास तीन वेळां गांवीं यावें लागलें. वडिलांचे ऐन पेरणीचे दोन दिवस बुडाले. यांत कंपनीचा दोष नव्हता. त्यास वेळीं सावध न करणाऱ्या आम्हां शिक्षकांचा मात्र थोडा होता, आणि हा लेख लिहिण्याचें तेंही एक कारण आहे.

वास्तविक क्रमांक टाकण्याची गरजच नव्हती. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे, आणि ३ जुलै २०१५ पासून परप्रांतांत गेलें तरी तोच क्रमांक नेतां येतो. इंग्रजींत ‘पोर्ट’ हा शब्द व पुढें जागा सोडून आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठवावा. उत्तरीं आठ अक्षरांचा संकेत येतो. तो व ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानीं जावें. आपल्याकडे हा संकेत चार दिवस टिकतो. मात्र सध्यांच्या कंपनींत ९० दिवस झालेले असावे लागतात, म्हणून परीक्षा न करतां घाईनें बदल केल्यास तीन महिने अडकून पडावें लागेल. हरवलेल्या कार्डाऐवजीं नवें घेतलें असल्यास, १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणें, सात दिवस थांबावें लागतें. शिवाय कार्ड वडिलांच्या नांवें असेल तर अर्ज त्यांचाच लागतो. तेव्हां हा विचार गांव सोडण्यापूर्वींच घरीं व्हावा.

जाण्यापूर्वीं आणखी एक काम करावें. आईवडील पुष्कळदां केवळ बोलण्यापुरताच फोन वापरतात, तरी इंटरनेटचे पैसे भरीत राहतात. केवळ बोलणें व संदेश यांसाठीं निराळी योजना ठेवावी, असा आदेश ट्रायनें डिसेंबर २०२४ मध्यें दिला आहे. ती योजना शोधून देणें हें घरांतील शिकल्या मुलाचें काम होय.

आम्हीं येथें कोणत्याही एका कंपनीचें नांव सुचविलें नाहीं, कारण नांदेडच्या एका वसतिगृहास जें उत्तर लागू, तें शेजारच्यासही लागू पडेलच असें नाहीं. जागा पाहून कंपनी निवडावी व क्रमांक जपावा, एवढेंच आमचें सांगणें. यंदा जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं आपापल्या खोलींतील अनुभव दिवाळीपर्यंत आम्हांस अवश्य कळवावा. पुढील वर्षीं निघणाऱ्या मुलांस आम्ही तो वाचून दाखवूं.