राजद्रोह म्हणजे काय?

पेढीवरील गुमास्ता गल्ला घेऊन पळाला, तर तो विश्वासघाताचा गुन्हा होय. परंतु त्याचे मालकावर प्रेम नाही, एवढ्यासाठी त्यास कोणी तुरुंगात धाडीत नाही. दुकानात सर्वांस कळणारा हा भेद राज्याच्या कायद्यात मात्र फार काळ पुसला गेला.

इंग्रजीत ‘ट्रीझन’ म्हणजे राज्यावर शस्त्र उचलणे वा शत्रूस मिळणे. ‘सिडिशन’ म्हणजे राज्याविरुद्ध लोकांस चिथावणे. आणि ‘डिसलॉयल्टी’ म्हणजे निष्ठा नसणे. पहिले कृत्य, दुसरी चिथावणी, तिसरी केवळ मनाची स्थिती. १८७० साली पिनल कोडात घातलेल्या कलमात ‘डिसअफेक्शन’ असा शब्द होता. १८९७ साली टिळकांच्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ‘प्रीतीचा अभाव’ असा त्याचा अर्थ ज्यूरीस सांगितला. ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांस दोषी ठरविले व त्यांस दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढल्याच वर्षी ‘डिसलॉयल्टी’ हा शब्दही कलमाच्या स्पष्टीकरणात येऊन बसला!

याच्या उलट दाखला आमच्या करवीरचाच आहे. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाविषयी लिहिल्यावरून १८८२ साली टिळक व आगरकर यांस दिवाण बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची कैद झाली. आधारास घेतलेली पत्रे बनावट निघाली होती. शिक्षा कडक म्हणा, पण आरोप नेमका होता: अमक्याविषयी अमुक विधान, ते खरे की खोटे? अशा आरोपास उत्तर देता येते. प्रेम नसल्याच्या आरोपास पुरावा कसला आणि बचाव तरी कसला?

संविधान सभेने १८९७ ची आठवण ठेवली व १९४८ साली भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांतून ‘सिडिशन’ शब्द काढून टाकला. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंसेस चिथावणी वा अव्यवस्थेकडे कल असेल तरच गुन्हा, अशी मर्यादा घातली. २०२२ साली त्याच न्यायालयाने कलमाचा अंमल थांबविला, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू होऊन राजद्रोह हे नावही गेले. परंतु नव्या १५२ व्या कलमात फुटीरतेच्या ‘भावनांस’ उत्तेजन देणे हाही गुन्हाच आहे. नाव गेले तरी मनात डोकावण्याची वाट बुजलेली नाही.

म्हणून कोणी कोणास देशद्रोही म्हटले, की सुज्ञ वाचकांनी एकच प्रश्न विचारावा: त्याने केले काय? कृत्य दाखविता येत नसेल, तर तो आरोप नव्हे, ती शिवी आहे. आणि शिवीवर कोणासही तुरुंगात धाडता कामा नये.