पत्र्याच्या खोलीतला उंदीर : आधी भोक बुजवा, विष नंतर

वस्तीत घरामागे पत्र्याची एखादी खोली असतेच. कुणी तिला शेड म्हणते, कुणी पडवी. सरपण, मोडकी सायकल, रद्दी, कोंबड्यांचे खाद्य, पोत्यातले धान्य, लग्नकार्याची भांडी, सारे तिच्यात जाते. घरातला केर रोज निघतो; या खोलीला मात्र सणासुदीलाच झाडू लागतो. उंदरांना आणखी काय हवे? मग उंदीर वाढले की आपण दुकानातून विषाची पुडी किंवा ट्यूब आणतो, भाकरीच्या तुकड्याला लावून कोपऱ्यात ठेवतो आणि निर्धास्त होतो. खरा धोका तिथूनच सुरू होतो.

प्रथम हिशेब पाहू. घरातला लहान उंदीर दिवसाला सुमारे ३ ग्रॅम धान्य खातो. पण असे २० उंदीर असतील तर वर्षाला जवळपास २२ किलो धान्य गेले. शिवाय खातो त्याहून अधिक तो मुताने आणि लेंड्यांनी नासवतो. मादी सुमारे २० दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिले देते आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. म्हणजे विषाने मुद्दल मेले, तरी व्याज बिळात शिल्लकच!

मग उपाय काय? पंचशील घेणाऱ्या आपल्या भगिनी विचारतात, की उंदीर मारणे म्हणजे प्राणिहत्या नव्हे काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात गरज म्हणून मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांतला भेद सांगितला आहे. तो ध्यानात ठेवला तर कामाचा क्रम आपोआप ठरतो. मारण्याची गरजच कमी पडेल असे आधी करावे.

त्यासाठी एक रविवार काढा. खोलीतले सारे सामान अंगणात घ्या. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर लहान उंदीर, अर्ध्या-पाऊण इंचाच्या असतील तर मोठा. जमीन पोखरून मातीचा ढीग टाकलेला असेल तर ती घूस. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. ती झुरळे-किडे खाते, तिला मारू नये.

आता भोके शोधा. शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. दार लावून आत उभे राहा. जिथून उजेड दिसतो तिथून उंदीरही येतो. भांडी घासायची तारेची घासणी भोकात घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट लिंपा. नुसती चिंधी किंवा माती तो एका रात्रीत उकरतो. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका. धान्य आणि कोंबड्यांचे खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. सरपण व पोती विटांवर फळी टाकून, भिंतीपासून हातभर दूर रचा. खायला नाही आणि लपायलाही नाही, असे झाले की निम्मे काम झाले.

आत उरलेल्यांसाठी चाप किंवा पिंजरा लावा. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे ठेवा. एकच लावून भागत नाही; सहा-सहा फुटांवर चार-पाच लावा. सुकट, भजी, शेंगदाण्याचा कूट चालतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून दोन-तीन दिवस चाप न ताणता नुसते आमिष ठेवावे. पिंजरा रोज सकाळी बघावा. चिकट पुठ्ठा मात्र आणू नये, त्यावर जीव तासन् तास तडफडतो.

विषाबद्दल स्पष्टच सांगतो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट आणि झिंक फॉस्फाईडची काळसर पूड, दोन्ही माणसालाही मारतात. दोन्हींवर उतारा नाही. पेस्ट पोटात गेलेले मूल एक-दोन दिवस बरे दिसते, घरचे निश्चिंत होतात आणि नंतर त्याचे यकृत निकामी होते. म्हणून मुले खेळतात त्या खोलीत हे विष नकोच. घरात रागाच्या भरात हाताशी येणारी वस्तूही हीच असते, हे विसरू नका. चुकून कुणाच्या पोटात गेलेच तर दूध, तूप, तेल पाजू नका, उलटी काढत बसू नका. पुडी किंवा ट्यूब बरोबर घेऊन थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

साफसफाई करतानाही जपा. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. दार अर्धा तास उघडे ठेवा, नाक-तोंड बांधा, एक भाग ब्लीचचे द्रावण व दहा भाग पाणी शिंपडून मग ओल्या फडक्याने पुसा. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. पावसाळ्यात उंदराचे मूत पाण्यात मिसळते आणि पायाच्या जखमेतून लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ पसरली होती. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर दुकानातली गोळी घेऊन कामावर जाऊ नका. डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो.

शेवटची गोष्ट. एकट्याने भोक बुजवले तर उंदीर शेजाऱ्याकडे जातो आणि महिन्याने परत येतो. म्हणून आळीतल्या सगळ्या घरांनी एकाच रविवारी हे काम काढावे. कचराकुंडी ओसंडत असेल तर ग्रामपंचायतीला वा पालिकेला लेखी अर्ज द्या. मुंबईत प्रत्येक वॉर्डात महापालिकेचे कीटकनाशक खाते आहे, मूषक नियंत्रण त्याचेच काम. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. आवक क्रमांकाला उत्तर द्यावे लागते.