विश्लेषण : लिलावात ‘अनसोल्ड’ राहिले, मग पुढे काय?
वाघोलीत सकाळी मुलांची किट बॅग उचलून अकादमी गाठणाऱ्या पालकांपुढे स्वप्न असते ते आयपीएलचे. पण लिलावात कुणी घेतलेच नाही तर?

पालघरच्या शार्दूल ठाकूरच्या बाबतीत हेच घडले. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात २ कोटींच्या मूळ किमतीलाही त्याला कुणी घेतले नाही. तो मुंबईकडून रणजी खेळत राहिला. जानेवारीत जम्मू-काश्मीरविरुद्ध शतक, पुढच्याच सामन्यात मेघालयविरुद्ध हॅट्ट्रिक. मार्चमध्ये मोहसिन खान जायबंदी झाल्याने लखनऊने त्याला बदली खेळाडू म्हणून घेतले. हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत ४ बळी टिपले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये लिलाव नसतो, ‘ड्राफ्ट’ असतो. १९९४ मध्ये त्यात निवड न झालेला कर्ट वॉर्नर सुपरमार्केटमध्ये रात्री माल लावत होता. जानेवारी २००० मध्ये तोच सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मात्र, बदलीची संधी बहुधा दुसऱ्याच्या दुखापतीतून येते. शार्दूलच्या पाठीशी कसोटीचा अनुभव होता. नवख्याकडे तो नसतो. त्याला हेरले जाते ते सामन्यांतूनच. म्हणून फी भरताना पालकांनी आयपीएलच्या गप्पांपेक्षा वर्षाला सामने किती खेळायला मिळतील, हे आधी विचारावे.